शुक्रवारचा पगार सोमवारी कुठे असतो?

कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या गावांतल्या दुकानांच्या हिशेबाविषयी गेल्या महिन्यात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. काही रागावलेलीही होती. त्यातली पाच इथे घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी विनिपेगला राहून बारा वर्षं उत्तरेतल्या गावोगावच्या सहकारी दुकानांची हिशेबतपासणी केली. छोट्या विमानानं जायचं, गारठलेल्या गोदामात साबणाची खोकी मोजायची, वह्या तपासायच्या, वादळ थांबलं की परत यायचं. मी अर्थतज्ज्ञ नाही. वह्या वाचता येतात, इतकंच.

प्रश्न : ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जिथे रस्ता नाही, शेती नाही, वर्षातला बहुतेक काळ बर्फ, तिथली हजार-दोन हजार वस्तीची गावं सरकारनं पैसे ओतून का जगवायची? या लोकांना दक्षिणेत घरं दिली तर स्वस्त पडणार नाही का? (एक निवृत्त बँक अधिकारी)

राग कशाला मानू? ओटावाच्या कचेऱ्यांतही हा प्रश्न निघतो, फक्त जरा गुळगुळीत भाषेत. पण माणसं उचलून दुसरीकडे ठेवायचा प्रयोग एकदा होऊन गेलाय, तोही उलट दिशेनं. 1953 साली कॅनडा सरकारनं उत्तर क्युबेकमधल्या इनुकजुआकहून काही इनुइट, म्हणजे आर्क्टिकमधल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं हलवली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला, ग्रीस फिओर्ड आणि रेझोल्यूट इथे नेऊन उतरवली. तिथे हिवाळ्यात काही महिने सूर्यच उगवत नाही. दोन वर्षांनी वाटलं तर परत आणू, असा शब्द दिला होता. तो पाळला नाही. सरकारनं माफी मागितली ती 2010 मध्ये.

शिवाय ही गावं तरी मूळची त्यांची कुठे? इनुइट लोक ऋतूप्रमाणे फिरत असत. कॅरिबू हरणांच्या मागे, सीलच्या मागे, माशांच्या मागे. शाळा, दवाखाना आणि पोलीस चौकी यांच्याभोवती त्यांना एका जागी बसवलं ते मुख्यतः 1950 आणि 60 च्या दशकांत, आणि बसवणारं सरकारच होतं. महागडं गाव वसवायची कल्पना एकाची, बिल फाडायचं दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे.

आता तुमचा बँकेतला मुद्दा, पैसे ओतण्याचा. ओतलेला पैसा जातो कुठे, हे मी वहीत पाहिलंय. नुनावुत हा प्रदेश 1 एप्रिल 1999 ला वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे वीस लाख चौरस किलोमीटर, गावं 25, लोक 2021 च्या जनगणनेत 37 हजारांच्या आसपास, आणि यातलं एकही गाव रस्त्यानं दक्षिणेला जोडलेलं नाही. ताजा माल विमानानं येतो. बाकी सगळं, म्हणजे पीठ, सिमेंट, गाड्या, डायपर, उन्हाळ्यात बर्फ फुटलं की जहाजानं. वर्षभराच्या या भरणीला तिथे ‘सीलिफ्ट’ म्हणतात. (सील प्राण्याशी संबंध नाही. माझी पहिल्या वर्षी फजिती झाली होती.) विजेसाठीचं डिझेलही तसंच टँकर जहाजातून येतं आणि वर्षभर टाक्यांत साठवलं जातं.

एका नोव्हेंबरात हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरच्या एका गावात मी तीन दिवस अडकले. वादळ होतं, विमान नाही, आणि गोदामाची मोजणी संपलेली. दुकानाची व्यवस्थापक त्याच गावची, पस्तिशीची बाई. आम्ही चहा घेत बसलो होतो आणि दुसरा उद्योग नव्हता म्हणून एका मोठ्या कागदावर गावाचा पंधरवडा मांडला. डाव्या बाजूला गावात आलेला पैसा : शिक्षकांचे पगार, नगरपालिका, दवाखाना, वीजघर, बालभत्ता, पेन्शन. उजवीकडे गेलेला. शिक्षक बहुतेक दक्षिणेतले, त्यांच्या घराचे हप्तेही तिकडेच. डिझेल बाहेरचं. दुकानातला माल बाहेरचा, वर त्याचं विमानभाडं. नवी घरं बांधणारा एक कंत्राटदार सुतार, खिळे, रंग तर सोडाच, माणसांचा स्वयंपाकीसुद्धा बरोबर घेऊन आला होता. शुक्रवारी पगार झाला की सोमवारपर्यंत त्यातला मोठा वाटा गाव सोडून गेलेला असायचा. गावात उरलेल्याची यादी छोटी होती : दुकानातल्या नोकरांचा पगार, कोरीव शिल्पांसाठी दिलेले पैसे, दोन शिवणकाम करणाऱ्या बायका, थोडी मासळी.

ती कागदाकडे बघत म्हणाली, “मग मी इथे बसून विमानाची तिकिटंच विकते म्हणायची.” आणि विनोद असा की ती खरंच विकायची. विमान कंपनीची एजन्सी दुकानाकडेच होती.

गावात उरलेल्याच्या त्या छोट्या यादीकडे मात्र मी नंतर बारा वर्षं बघत राहिले. शिवणाऱ्या बाईला एका पार्क्याचे, म्हणजे टोपीवाल्या जाड कोटाचे, पैसे मिळाले की ती त्यातून शिकाऱ्याकडून मासे घ्यायची, तो स्नोमोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराला द्यायचा, ते पोरगं सहकारी दुकानात बिल भरायचं. दुकानाला वर्षाअखेर शिल्लक राहिली तर सभासदांना खरेदीच्या प्रमाणात परतावा मिळायचा. तोच पैसा चार दारं फिरायचा. तुम्ही बँकेत होतात, म्हणून तुम्हाला हे वेगळं सांगायला नको : किती आले याइतकंच किती वेळा फिरले हेही बघावं लागतं. उत्तरेत सगळे पहिल्या आकड्यावर भांडतात. दुसरा कोणी मोजत नाही.

पैसा गावात फिरता ठेवायची जुनी युक्ती म्हणजे मालकी गावात ठेवणं. 1959 साली उत्तर क्युबेकमधल्या उंगावा उपसागराकाठच्या कांगिक्सुआलुज्जुआकमध्ये तिथल्या इनुइट लोकांनी मासेमारीची सहकारी संस्था काढली. ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा पकडायचा, गोठवायचा, दक्षिणेला विकायचा. त्याच वर्षी बॅफिन बेटालगतच्या केप डॉर्सेटला, म्हणजे आताच्या किन्गाइतला, चित्रकारांची संस्था नोंदली गेली. तिथली गोष्ट मला फार आवडते. ओसुइतोक इपीली नावाचे शिल्पकार सिगारेटच्या पाकिटांवरचं खलाशाचं चित्र न्याहाळत होते. प्रत्येक पाकिटावर तेच डोकं पुनःपुन्हा रंगवणारा माणूस किती कंटाळत असेल, असं ते म्हणाले. चित्रकार आणि सरकारी अधिकारी जेम्स हाउस्टन तिथे होते. त्यांनी वॉलरसच्या कोरलेल्या सुळ्याला शाई फासून कागदावर ठसा उठवून दाखवला. पुढे हाउस्टन ठसेचित्रं शिकायला जपानला गेले. दर वर्षी संस्थेचा चित्रसंग्रह निघू लागला, तो अजून निघतो. केनोजुआक अशेवाक यांच्या 1960 च्या घुबडाचं तर 1970 मध्ये टपाल तिकीट निघालं.

यात कलेइतकंच वाहतुकीचं शहाणपण आहे. विमानाचं भाडं वजनावर असतं. गुंडाळलेलं चित्र हलकं आणि किंमत भारी. अलास्कात 1969 मध्ये निघालेली ऊमिंगमाक ही विणकरांची सहकारी संस्था याच हिशेबावर चालते. कस्तुरीबैलाची आतली लव, तिला किव्हिउत म्हणतात, तिचं सूत गावोगावच्या बायकांकडे टपालानं जातं आणि विणलेले शाल-टोप टपालानंच परत येतात. प्रत्येक गावाची नक्षी वेगळी. मागच्या महिन्यात एका विणकाम करणाऱ्या वाचक ताईंनी विचारलं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सहकार म्हणजे जादू नव्हे, हेही लिहायला हवं, नाहीतर माझ्या जुन्या वह्या मला हसतील. सहकारी दुकानातला कांदा काही स्वस्त नसतो, विमान सगळ्यांना तेवढंच महाग. उधारी थकते. बाहेरून आणलेला व्यवस्थापक दोन हिवाळ्यांत पळतो आणि त्याच्यामागे वह्यांचा जो गोंधळ राहतो तो निस्तरायला माझ्यासारखीला जावं लागतं. पण तोटा झाला तरी तो कुणाचा आणि का, हे सभेत उभं राहून विचारता येतं. त्यांच्याच इनुक्टिटुट भाषेत. मी अशा सभांना बसलेय. अर्धं कळत नसे, पण खजिनदाराला घाम फुटलेला दिसे.

प्रश्न : उत्तरेत सोनं, हिरे, लोखंड सगळं आहे. खाणी काढल्या की रोजगाराचा प्रश्न सुटला. मग पार्के आणि चित्रं कशाला? (खाणशास्त्राचा विद्यार्थी)

तुझ्या विषयातले दोन दाखले देते.

हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरच्या रँकिन इनलेटला 1957 मध्ये निकेलची खाण सुरू झाली. सील-कॅरिबूवर जगणारी माणसं खाली उतरून कामगार झाली. 1962 मध्ये खनिज संपलं, खाण बंद. पाच वर्षं! शिकारीची सवय मोडलेली, पगार बंद, आणि परत जायला जुनी वाट नाही. मग सरकारनं तिथे मातीच्या भांड्यांचा आणि शिल्पांचा उद्योग काढून पाहिला. त्या टुंड्रात भट्टी! वस्तू सुंदर झाल्या, संग्रहालयांत आहेत, पण धंदा म्हणून सत्तरीच्या दशकात तो गुंडाळला गेला.

दुसरा, नानिसिविक. बॅफिन बेटाच्या उत्तरेला शिसं आणि जस्ताची खाण, 1976 ते 2002. सोबत अख्खं नवं गाव बांधलं, शाळा, चर्च, सगळं. कामगारांपैकी 60 टक्के इनुइट असतील असं उद्दिष्ट ठेवलं होतं; ते कधीच गाठलं गेलं नाही. खाण बंद झाल्यावर गावही पाडलं. उरला तो आर्क्टिक बेपर्यंतचा तीसेक किलोमीटरचा रस्ता.

खाण नकोच असं मी म्हणत नाही. तिचा पगार मोठा असतो आणि मी कुणाच्या पगारावर नाक मुरडणारी नाही. पण खाणीतला माणूस दोन आठवडे काम करून दोन आठवड्यांसाठी विमानानं घरी जातो, आणि घर दक्षिणेत असेल तर पगारही तिकडेच जातो. म्हणून करारात काय लिहिलंय ते बघावं. 1995 चा रॅगलान करार त्यासाठी वाचण्यासारखा आहे. नुनाविक, म्हणजे उत्तर क्युबेकमधला इनुइट प्रदेश, तिथल्या निकेलच्या खाणीतून साल्लुइत आणि कांगिक्सुजुआक या जवळच्या गावांना नफ्यातला वाटा मिळाला. नोकऱ्यांची आश्वासनं सगळेच देतात. नफ्यातला वाटा निराळा, तो वहीत दिसतो.

आणि खाणीवाचूनही मोठा पैसा गावात बांधून ठेवता येतो, याचं एक उदाहरण कॅनडाच्या वायव्येकडल्या ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. लुत्सेल के हे तीनेकशे वस्तीचं, डेने या मूळ रहिवाशांचं गाव. 1970 च्या सुमारास सरकारनं तिथे राष्ट्रीय उद्यान काढायचं म्हटलं तेव्हा गावानं नाही म्हटलं. पुढे आसपास हिऱ्यांच्या खाणी आल्या, तेव्हा गावानं स्वतःच विषय काढला, पण स्वतःच्या अटींवर. 2019 मध्ये थायदेने नेने हा 26 हजार चौरस किलोमीटरचा राखीव प्रदेश झाला. त्याच्या कारभारात गाव बरोबरीचा भागीदार, आणि तीन कोटी डॉलरचा निधी, निम्मा सरकारचा, निम्मा देणग्यांतून. त्या गंगाजळीच्या व्याजावर गावातलीच माणसं राखणदार म्हणून पगारी काम करतात : पाणी तपासतात, पर्यटकांवर लक्ष ठेवतात, पोरांना जमीन दाखवतात. राखणदारांचं काम तर त्यांनी 2008 मध्येच, उद्यानाची वाट न बघता सुरू केलं होतं. अहवाल लिहिशील तेव्हा हा हिशेबही घाल. संपणाऱ्या खनिजाशेजारी न संपणारं मुद्दल ठेवून बघ.

प्रश्न : सहा महिने अंधार असतो तिथे सौरऊर्जेचा काय उपयोग? (नाव कळवलेलं नाही)

सहा महिने सलग अंधार फक्त ध्रुवावर. पण तुमचा मुद्दा समजला.

कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉन प्रदेशात ओल्ड क्रो नावाचं गाव आहे, आर्क्टिक वृत्ताच्या वर, व्हुंटुट ग्विचिन या मूळ रहिवाशांचं, लोकसंख्या अडीचशेच्या आसपास. त्या प्रदेशातलं रस्ता नसलेलं हे एकच गाव. वीजघराचं डिझेलसुद्धा विमानानं येतं. तिथे 2021 मध्ये 940 किलोवॅटचा सौर प्रकल्प चालू झाला. भर हिवाळ्यात तो झोपतो, जनरेटर चालतो. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेव्हा जनरेटर थांबतो. मला यातलं मुख्य वाटतं ते वेगळंच. प्रकल्पाची मालकी गावच्या ग्विचिन सरकारची आहे आणि वीजकंपनी त्यांच्याकडून वीज विकत घेते, 25 वर्षांचा करार आहे. डिझेलपोटी विमानात बसून जाणारा पैसा गावाच्या खात्यात जमा होतो. हेच सौर पत्रे बाहेरच्या कंपनीनं आणून लावले असते तर धूर कमी झाला असता, वही तीच राहिली असती.

प्रश्न : तुम्ही सीलच्या कातड्याच्या बुटांचं कौतुक केलंत. मुक्या जनावरांच्या कत्तलीवर उभी अर्थव्यवस्था टिकाऊ कशी? वाचून वाईट वाटलं. (एक प्राणिप्रेमी वाचक)

तुमचं वाईट वाटणं मला खोटं वाटत नाही. मी स्वतः मांस खात नाही आणि पहिल्यांदा कुणाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठा अंथरून सील कापताना पाहिला तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले होते. उणे तीस होतं, फार वेळ उभं राहता आलं नाही.

तरी हिशेब सांगते. 1983 मध्ये युरोपनं सीलच्या पिल्लांच्या कातड्याची आयात बंद केली. नजरेसमोर होती ती कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरची पांढऱ्या पिल्लांची शिकार. इनुइट मारतात तो मुख्यतः वलयांकित सील, मोठा झालेला, खाण्यासाठी. त्याच्यावर बंदी नव्हती. पण गिऱ्हाइकाला फरक कोण समजावणार? सगळ्याच कातड्याचा भाव कोसळला. 2009 च्या युरोपीय नियमात इनुइटांना सूट लिहून दिली, तरी बाजार काही परतला नाही.

आणि मांस तर घरात शिजतंच होतं. कातडं विकून शिकारी काय घ्यायचा? पेट्रोल, काडतुसं, स्नोमोबाइलचे भाग. ते पैसे थांबल्यावर बर्फावर जाणं परवडेना आणि ताटात सीलऐवजी विमानानं आलेलं गोठवलेलं कोंबडीचं मांस आलं. एका प्राण्याचा जीव वाचला असेल, दुसऱ्याचा गेला, मध्ये तीन हजार किलोमीटरचं इंधन जळलं, आणि गावातून आणखी एक नोट उडाली.

उत्तर क्युबेकच्या इनुइटांनी यावर एक वाट आधीच बांधून घेतली होती. सरकारबरोबरच्या 1975 च्या जेम्स बे कराराच्या वेळी त्यांनी शिकारीला आधार देणारी योजना मागून घेतली. गावची पालिका शिकाऱ्याला पैसे देते, मांस-मासे गावच्या सामाईक फ्रीझरमध्ये येतात, म्हातारी माणसं आणि विधवा तिथून फुकट नेतात. वहीच्या भाषेत सांगायचं तर अनुदान आलं, गावातच कामाचा मोबदला झालं, आणि शेवटी जेवण झालं. माझ्या बारा वर्षांत याहून नीट लागलेली नोंद मी पाहिली नाही. तुम्हाला हे पटलं नाही तरी चालेल. बूट घालू नका.

प्रश्न : माझा भाचा एका वर्षासाठी नुनावुतमधल्या गावात शिक्षक म्हणून चाललाय. बरोबर काय द्यावं? इथून वर्षाचं सगळं सामान पाठवायचा विचार आहे. (एक मावशी)

मावशी, मसाले द्या, ते तिथे मिळणार नाहीत. चष्म्याची जादा जोडी द्या. बाकी पेट्या राहू द्या. त्यांचं भाडं पोराच्या पगाराहून जास्त व्हायचं.

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सहकारी दुकानाचा सभासद हो म्हणावं, आणि वार्षिक सभेला जाऊन मागच्या रांगेत गप्प बसावं. गावात कोण मासे विकतं ते मुलांना विचारावं, मुलांना सगळं ठाऊक असतं. हडसनच्या पश्चिम काठावर गाव असेल तर आभार मानायला ‘मात्ना’ हा शब्द पुरतो.

आणि शहरातल्या दुकानातला जाडजूड कोट मुळीच घेऊ नका. पार्का गावातल्या बाईकडूनच शिवून घ्यायचा. भाव ती सांगेल तो, घासाघीस नाही. फक्त माप सप्टेंबरातच देऊन ठेव म्हणावं. ऑक्टोबर उजाडला की तिच्या दारात सगळ्या नव्या शिक्षकांची रांग लागते.